अकरा घरांचे झाकण

तळोदा
७ जानेवारी २०२४

आदरणीय पाटील सर,

सादर नमस्कार.

नऊ वर्षांपूर्वी आयटीआयमध्ये तुमच्या सुतारकामाच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. त्यांपैकी डाव्या हाताने रंधा मारणारी रिना वसावे मी. सध्या तळोद्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात संगणकावरच्या आकृतीप्रमाणे लाकूड कोरणारे सीएनसी राउटर यंत्र चालवते. लाकडात दुसऱ्या रंगाचे लाकूड बसवून नक्षीच्या पेट्या करायचे काम माझ्याकडे आहे. तुम्हाला आता अजिबात ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, असे कळले म्हणून पत्र लिहीत आहे. तुम्हीच सांगायचात की बोललेले विरून जाते, लिहिलेले यंत्राशेजारी खिळ्याला अडकवता येते.

मला स्वतःसाठी एक पेटी करायची आहे. आमचे गाव सादडपाडा. मणिबेलीच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्या काठावर होते. अकरा घरे. मी चार वर्षांची असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेले. लोक तीन वसाहतींमध्ये विखुरले. माझे वडील खात्या मात्र गेले नाहीत. पाणी चढले तसे तेही डोंगरावर चढत गेले आणि आता एकटे वरच्या टेकाडावर राहतात. मी दर शनिवारी जीपने आणि पुढे होडीने त्यांच्याकडे जाते.

घर सोडताना त्यांनी एक सागाचा खांब उपटून नेला होता. त्यातली एक फळी अजून आहे. चौदा इंच लांब, दहा इंच रुंद. तिच्यातून गावाचा नकाशा कापून पेटीच्या झाकणात बसवावा, असे त्यांच्या मनात आहे. अकरा घरे कुठे होती, हे नेमके सांगणारे आता तेच एक उरले आहेत. तरुणपणी ते गुजरातेत दगड दळण्याच्या कामावर जायचे. ती धूळ छातीत बसली आहे. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, उन्हाळा निघाला तर खूप.

मी त्यांना विचारले, पेटीत ठेवणार काय? म्हणाले, "काही नाही. नुसती फळी ठेवली तर कोणीतरी तिच्यावर भाकरी थापेल. पेटीवर कोणी थापत नाही."

माझी आजवरची नक्षीकामे सगळी ठोकळ आकारांची झाली आहेत. इतक्या बारीक रेषा मी कधी बसवल्या नाहीत. आणि फळी एकच आहे. मार्ग दाखवावा.

आपली विद्यार्थिनी,
रिना

०

नंदुरबार
१२ जानेवारी २०२४

चि. रिना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मला जो आनंद झाला तो तुझ्या काकूंनी पाहिला आणि पाटीवर खडूने लिहून मला दाखवले, "त्या पोरले पत्र लिखी ऱ्हायनात का पुस्तक?" मी ऐकू शकत नसल्याने आमच्या घरात हल्ली सर्व टोमणे लेखी मिळतात. त्यामुळे ते पुसेपर्यंत टिकतात.

आता विषयाकडे येतो. सावकाश वाच आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांब.

लाकडात लाकूड बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात उभ्या भिंतीची खाच कोरतात आणि तिच्या मापाचा तुकडा वरून घालतात. घरासारख्या चौकोनाला हे चालते. पण पायवाट, ओढा, शेताचा बांध अशा केसासारख्या रेषेला चालत नाही, कारण राउटरचे गोल टोक कोपऱ्यात शिरत नाही. म्हणून आपण दुसरा मार्ग घेऊ. निमुळत्या टोकाचे बिट वापरायचे. झाकणात खाच कोरायची, ती वर रुंद आणि खाली अरुंद. सागाच्या फळीवर तीच आकृती उंचवटा म्हणून उभी ठेवायची, सभोवतालचे लाकूड काढून टाकायचे. मग फळी पालथी करून खाचेत बसवायची. निमुळत्यात निमुळते. पाचर जितकी ठोकावी तितकी घट्ट होते, तसे हे दाबावे तितके घट्ट होते. सरस लावून शिकंज्यात एक दिवस ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी फळीची पाठ रंधून टाकायची. पाठ गेली की झाकणात उरते ते फक्त गाव. ही कृती पहिल्यांदा यशस्वी झाली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि वर्गात टाळी वाजवली होती.

यातला एकच शब्द जपून ठेव. पालथी. फळी पालथी पडते, म्हणून तिच्यावरची आकृती उलटी कोरावी लागते. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का आठव. शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात तेव्हाच कागदावर सुलटी उमटतात.

झाकणासाठी हळदूचे लाकूड घे. त्याचा पिवळेपणा सागाच्या तपकिरीला उठाव देईल. तुझी सागाची फळी तीन आठवडे कोरड्या खोलीत उभी ठेव. ओलावा बारा टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. ती किती जाड आहे आणि किती निकोप आहे ते मोजून कळव.

वडिलांकडून नकाशा चौकटीच्या कागदावर काढून घे. एक चौकट म्हणजे दहा पावले. माझ्याकडे पाठव, मी संगणकावर त्याची रेखाकृती तयार करून देईन. आणि एक विनंती. कापताना यंत्राचा आवाज कसा येतो ते मला लिही. एकतीस वर्षे मी लाकूड कानाने ओळखले. आता ते काम तुझ्याकडे.

शुभचिंतक,
सुकलाल पाटील

०

तळोदा
२९ जानेवारी २०२४

आदरणीय सर,

नकाशा सोबत आहे. तो काढायला तीन शनिवार लागले, कारण वडिलांना सलग बोलवत नाही. एका घराचे सांगून झाले की भिंतीला टेकून बसतात.

कागदावर त्यांना सुचेना. म्हणून मी अंगण सारवून त्यावर कोळशाने नदी काढली आणि त्यांच्या हातात मक्याचे दाणे दिले. एक दाणा म्हणजे एक घर. ते बसल्या जागेवरून दाणे टाकायचे आणि मी सरकवायचे. "अजून. अजून. तिथे कुठे, तिथे तर करमसिंगच्या म्हशी बसायच्या." दहा घरे झाली तेव्हा कोंबडी आली आणि करमसिंगकाकांचे घर खाऊन गेली. वडील म्हणाले, "सरकारकडून राहिलं होतं, ते हिनं पुरं केलं." मग हसले आणि ते हसू खोकल्यात गेले. पाणी पाजले तरी खोकला बराच वेळ थांबला नाही. पाठ चोळण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

नकाशा असा आहे. नदी वर, डोंगर खाली. नर्मदा उजवीकडून डावीकडे, म्हणजे उगवतीकडून मावळतीकडे वाहते. उगवतीच्या टोकाला, ओढ्याच्या तोंडाशी आमचे घर. वडील सांगतात की गावात पहिले ऊन आमच्या दारात यायचे आणि लोक आमच्याकडे बघून उठायचे. मावळतीच्या टोकाला भिकुबाईचे घर, मागे मोहाचे झाड. मधे नऊ घरे. घरांची नावे कागदाच्या मागे लिहिली आहेत. ती झाकणावर नकोत असे वडील म्हणाले. "ज्याला माहीत आहे त्याला नाव कशाला, ज्याला माहीत नाही त्याला नुसतं नाव कशाला."

फळी मोजली. जाडी बारा मिलिमीटर. वरचे सात निकोप. खालच्या पाचांत वाळवीच्या नळ्या आहेत. ओलावा चौदा टक्के. होळीपर्यंत पेटी व्हावी असे वाटते, कारण होळीला वसाहतींमधली माणसे एकत्र येतात. वडिलांना ती त्यांच्या हातात द्यायची आहे.

आपली,
रिना

०

नंदुरबार
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

चि. रिना,

नकाशा पोहोचला. मी तो जेवणाच्या वेळी ताटाशेजारी ठेवला होता, त्यामुळे त्यावर पडलेला वरणाचा डाग माझा समजावा. काय सुरेख मोजणी आहे! बसल्या जागेवरून माणसाने अकरा घरांची अंतरे पावलांत सांगावी आणि ती दोन्ही बाजूंनी बेरीज केली तरी जुळावी, हे मी अनेक पदविकाधारकांकडून पाहिलेले नाही.

फळीची पाठ वाळवीने खाल्ली आहे याची चिंता नको. ती शेवटी रंधून जाणारच आहे. निकोप सातांपैकी सहा मिलिमीटर आपल्याला लागतील. म्हणजे एकच संधी आहे, दुसऱ्या कापणीला खाली लाकूड नाही. म्हणून पायऱ्या क्रमाने देतो. हे पान फाडून यंत्राशेजारी लाव.

आधी टाकाऊ तुकड्यावर एखादे अक्षर कोरून बसवून बघ. ते बसल्याशिवाय फळीला हात लावू नकोस. मग झाकणाची खाच कोर. ही सुलटी. त्यानंतर सागाच्या फळीची फाइल उघड आणि ती मिरर कर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी. मी याखाली लाल रेघ ओढली आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या शंभर चुकांपैकी नव्वद इथे झाल्या आहेत. पडद्यावर आकृती कशी दिसते यावरून निर्णय घेऊ नकोस. उलट्या-सुलट्याच्या बाबतीत डोळे फसवतात, पायरी फसवत नाही. मिरर केल्यावरच बिट खाली उतरव. पहिला फेरा अर्ध्या वेगाने, आणि कान उघडे. बिट लाकूड कापत असेल तर आवाज एकसुरी राहील. भाजत असेल तर चिरका होईल.

तुझे काम तू नीट करतेस हे मला माहीत आहे. तरीही सांगतो, कारण न सांगितल्याची रुखरुख सांगितल्याच्या कंटाळ्यापेक्षा वाईट.

सुकलाल पाटील

ता. क. बुधवार, ७ फेब्रुवारी. पत्र रविवारीच लिहून ठेवले होते, पण रेखाकृतीला काल सायंकाळपर्यंत वेळ लागला. तुमच्या केंद्रातल्या संगणकाला इंटरनेट नाही, म्हणून पेन ड्राइव्ह याच पाकिटात घालतो. आमच्याकडे सध्या पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीची धूळ हवेत आहे, खिडकी उघडता येत नाही. काकूंनी पाटीवर लिहिले आहे, "तुमले ऐकू येस नही, पन समजाडानी हौस काही फिटस नही." खरेच आहे.

०

तळोदा
२३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

बसले नाही.

मी क्रमाने सांगते. फळीचा ओलावा अकरावर आला. टाकाऊ तुकड्यावर मी माझे 'रि' हे अक्षर स्वतः काढून, मिरर करून कोरले. ते असे बसले की नख फिरवले तरी जोड कळेना. मग हळदूच्या झाकणात खाच कोरली. तीही स्वच्छ निघाली. मग फळीची फाइल उघडली आणि तुमच्या लाल रेघेप्रमाणे मिरर केली.

सर, मिरर केल्यावर पडद्यावर वडिलांचा नकाशा जसाच्या तसा दिसला. ओढा उजवीकडे, आमचे घर उजवीकडे. मला वाटले, हे उलटे दिसायला हवे. मी यंत्र थांबवून तुमचे पान पुन्हा वाचले. "डोळे फसवतात, पायरी फसवत नाही." पायरी मी पाळली होती. म्हणून सुरू केले.

आवाज एकसुरी होता. तुम्ही विचारले होते म्हणून सांगते, दळणाच्या जात्यावर शेवटच्या मुठीला जसा येतो तसा, जड आणि गोल. आणि पहिल्या फेऱ्यातच खोलीत चुलीच्या धुराचा वास भरला. त्या घरातली चूल खांबाला लागून होती. तो धूर लाकडात इतकी वर्षे राहिला होता.

फळी पालथी केली तेव्हा ओढा डावीकडे गेला आणि खाच उजवीकडे राहिली. मी ती फिरवून, आडवी करून, सगळ्या बाजूंनी लावून पाहिली. मग खाली बसले.

सहा मिलिमीटर गेले. खाली वाळवी आहे. माझे कुठे चुकले ते कळवा. पुढच्या शनिवारी फळी वडिलांना दाखवायची आहे.

रिना

०

नंदुरबार
२६ फेब्रुवारी २०२४

चि. रिना,

तुझे कुठेही चुकले नाही. हे वाक्य दोनदा वाच, मग पुढचे वाच.

पत्र आले त्याच वेळी मी संगणक उघडला. तुझ्या पेन ड्राइव्हवर दिलेली फळीची फाइल मी आधीच मिरर केलेली होती. मंगळवारी सायंकाळी काम संपताना मनात आले की रिनाच्या डोक्यावर एवढा ताण आहे, तिचे एक काम आपण हलके करावे. केले. आणि बुधवारी ती फाइल रविवारी लिहिलेल्या पत्राबरोबर पाकिटात घालून पाकीट चिकटवले. पत्र पुन्हा वाचले नाही. ताज्या कलमात मिरचीच्या धुळीविषयी लिहिले, हे लिहिले नाही. मी एकदा उलटे केले, माझ्या सांगण्यावरून तू पुन्हा उलटे केलेस, आणि उलट्याचे उलटे सुलटे झाले. तुझे डोळे बरोबर होते. मी तुला त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस असे लिहिले होते, लाल शाईने.

आता काय करता येईल याचा मी दोन दिवस विचार केला आहे.

फळी आहे तशीच, उंचवटे वर ठेवून झाकणावर चिकटवावी असे प्रथम सुचले. त्यात गाव सुलटे राहील. पण केसासारख्या रेषा सहा मिलिमीटर उंच उभ्या आहेत आणि त्यांना बाजूने आधार नाही. खाचेत गेल्यावरच त्या सुरक्षित होतात. उघड्या राहिल्या तर बोटाने तुटतील. पाठीच्या बाजूने पुन्हा कोरणे वाळवीमुळे अशक्य. म्हणजे दोनच मार्ग उरतात.

एक, बाजारातून दुसरा साग आणून नकाशा नव्याने कोरायचा. गाव बरोबर येईल, लाकूड त्या घराचे नसेल.

दुसरा, हळदूचे नवे झाकण घेऊन खाचच उलटी कोरायची. ही फळी तिच्यात घट्ट बसेल. लाकूड त्या घराचे असेल, पण गाव उलटे येईल. तुमचे घर मावळतीला जाईल आणि नर्मदा उगवतीकडे वाहील.

माझे मत विचारशील तर पहिला मार्ग. नकाशा चुकीचा असेल तर तो नकाशा नव्हे. परंतु मत देण्याचा अधिकार मी गमावला आहे. वडिलांना विचार. त्यांना सांग की चूक माझी आहे, माझे नाव सांग.

जन्मभर मी सांगत आलो की चूक झाली तर घाबरू नका, मागच्या पायरीवर जा. इथे मागची पायरी पाण्याखाली आहे.

सुकलाल पाटील

०

तळोदा
५ मार्च २०२४

आदरणीय सर,

मी फळी वडिलांकडे नेली. फडक्यात गुंडाळून, कापलेला भुसाही एका पुडीत घेऊन. आधी चुकीबद्दल काही बोलले नाही, फळी उंचवटे वर करून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटाने पाहिली. ओढा, बांध, करमसिंगकाकांचे घर. बोट फिरत फिरत उजवीकडे आमच्या घरापाशी आले आणि तिथे थांबले. "बराबर आहे," म्हणाले. भिकुबाईच्या घराजवळची पायवाट त्यांच्या बोटाने थोडी तुटली. तुम्ही लिहिले होते तसेच.

मग मी फळी पालथी केली आणि सांगितले.

 मी दोन्ही मार्ग सांगितले. बाजारातल्या सागाचे ऐकून त्यांनी विचारले, "कुठल्या जंगलातला?" मी म्हटले, ते वखारवाल्यालाच ठाऊक. म्हणाले, "मग त्यात आपलं गाव कसं राहील? दुसऱ्याच्या घरात पाहुणं." मी म्हटले, पण उलटे गाव? खोटे गाव लोकांच्या हातात कसे द्यायचे? वसाहतीतले रायसिंगकाका तरी ओळखतील.

"रायसिंग तेव्हा शेळ्यांमागं नागडा पळत होता," ते म्हणाले. मग दम घेतला. पुढचे त्यांनी आमच्या बोलीत सांगितले ते मी मराठीत लिहिते. "बराबर की चूक, हे सांगायला मीच एक आहे. मी गेलो की जे पेटीवर आहे तेच बराबर."

मी रडले. त्यांनी तुमच्याबद्दल विचारले, मास्तर म्हातारा आहे का? मी सांगितले, त्यांना ऐकू येत नाही. म्हणाले, "बरं आहे. मग त्याला कोणी बोल लावू नका, वाया जाईल."

नंतर भुशाची पुडी उघडली. वास घ्यायला त्यांनी ती नाकापाशी नेली आणि मी विसरले होते, सर, की तो भुसा म्हणजे धूळ आहे. आपल्याच घराच्या वासाने त्यांना असा खोकला आला की ओठ निळे झाले. पुडी मी बाहेर फेकून दिली. श्वास परत आल्यावर त्यांनी पहिले काय विचारले, तर पुडी कुठे आहे.

दुसरा मार्ग ठरला. उद्या खाच कोरते. उलटी.

रिना

०

नंदुरबार
८ मार्च २०२४

चि. रिना,

तुझे पत्र काकूंनीही वाचले.  पाटी धुऊन ठेवली.

वडिलांचा निर्णय मी मान्य करतो. त्यात दुरुस्ती करण्याची इच्छा मला आवरत नाही, हा माझा स्वभावदोष आहे. तरी एक गोष्ट करून बघ. सोबतच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक आरसा आहे. बारा इंच लांब, कडा घासलेल्या. तो झाकणाच्या नदीकडच्या कडेला नव्हे, तर डाव्या कडेला उभा धरायचा, झाकणाशी काटकोन करून. आरशात उलट्याचे सुलटे होईल. ओढा पुन्हा उजव्या हाताला येईल, नर्मदा मावळतीकडे वाहील. वडिलांना समोर बसवून आरसा किंचित त्यांच्याकडे कलता ठेव. प्रकाश त्यांच्या पाठीमागून यावा, समोरून नको. मी घरी तुमच्या नकाशाच्या उलट्या प्रतीवर चार वेळा करून पाहिले, अचूक दिसते.

पेटीच्या आत, झाकणाच्या पोटाला, दोन बिजागऱ्यांवर हा आरसा कायमचा बसवता येईल का, याचे रेखाटनही जोडले आहे. पाहणाऱ्याला निदान खरे पाहण्याची सोय राहील.

जोड दाबताना शिकंजे मधून कडेकडे आवळ. आवाजाबद्दल लिहिलेस, ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. शेवटच्या मुठीचे जाते. मला ते ऐकू आले.

सुकलाल पाटील

०

तळोदा
२ एप्रिल २०२४

आदरणीय सर,

वडील गेले. शुक्रवारी, २९ तारखेला, दुपारी. मी तिथेच होते.

पेटी होळीच्या चार दिवस आधी झाली होती. फळी उलट्या खाचेत पहिल्याच दाबात बसली. पाठ रंधली, वाळवी निघून गेली, आणि पिवळ्या हळदूत अकरा घरे उरली. भिकुबाईची तुटलेली पायवाट मी उरलेल्या सागाच्या चुऱ्यात सरस कालवून भरली. ती ओळखू येत नाही. केंद्रातल्या सगळ्यांनी हात फिरवून पाहिले आणि आजवरचे सगळ्यात सफाईदार काम म्हणाले. मी मान हलवली.

होळीला वडिलांना उतरवणे शक्य नव्हते. म्हणून माणसेच होडीने वर आली. पेटी हातोहात फिरली. रायसिंगकाकांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिले आणि म्हणाले, "अगदी असंच होतं." वडील माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसले.

लोक गेल्यावर मी तुमचा आरसा काढला. तुम्ही लिहिल्याप्रमाणे डाव्या कडेला धरला, उजेड पाठीमागून. पण आरसा त्यांच्याकडे कलवताच त्यात गाव दिसायच्या आधी त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी कित्येक महिन्यांत आरसा पाहिला नव्हता. गालाच्या खळग्यात बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "लोक याला बघून गेले? आधी दाढी कर." मी त्यांची दाढी केली.

मग पुन्हा आरसा धरला. गाव सुलटे दिसले, सर, तुम्ही म्हणालात तसे अचूक. ओढा उजव्या हाताला. ते पुढे वाकले आणि आमच्या घरावर बोट ठेवायला गेले. आरशात बघून बोट झाकणावर नेले की ते भलतीकडे जायचे. उजवीकडे न्यावे तर आरशातले डावीकडे सरके. तीनदा केले. चौथ्यांदा काचेलाच बोट लावले, तेव्हा काच थंड लागली असावी, कारण त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "काढ हे. दिसतं, पण हाताला लागत नाही."

मी आरसा बाजूला ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि नुसत्या हाताने नदी शोधली. काठाकाठाने बोट उगवतीकडे नेले, उजवीकडे, शेवटच्या घरापर्यंत. अगदी जिथे आमचे घर होते तिथे. झाकणावर त्या जागी भिकुबाईचे घर आहे.

"हेच ना?" त्यांनी विचारले.

मी त्यांच्या बोटाकडे पाहिले. तुमची लाल रेघ आठवली. डोळे, पायरी, सगळे आठवले. म्हटले, "हो. हेच."

पुढचे चार दिवस ते बोट तिथेच ठेवून पडून होते. मी काही दुरुस्त केले नाही.

आरसा पेटीत बसवलेला नाही. घासलेल्या कडांसकट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला आहे, कोणी तळोद्याहून नंदुरबारला येणारे असेल तर त्याच्याबरोबर पाठवते. काकूंना नमस्कार. काल वसाहतीतली लहान मुलगी आली होती. तिने पेटी पाहून मला विचारले, तुमचे घर यातले कोणते? मी हात पुढे केला आणि सर, तो आमचे घर आणि वडिलांनी बोट ठेवलेले घर, या दोन घरांच्या मधेच थांबला.

आपली,
रिना